चऱ्होली-चिखलीकरांना टीपी स्कीम का नको होती?

मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या उत्तर टोकाला एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, टीपी स्कीम. चिखली-कुदळवाडी आणि चऱ्होलीच्या मोठ्या क्षेत्रावर महापालिकेला नियोजनबद्ध वसाहत उभी करायची होती. रुंद रस्ते, उद्यानं, शाळांच्या जागा आणि उरलेल्या प्लॉटवर इमारती, असं चित्र होतं. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि महापालिकेने या योजना रद्द करण्याचं जाहीर केलं.

बाहेरून बघणाऱ्याला यात एक कोडं दिसतं. चऱ्होलीत, मोशीत, चिखलीत आजही टॉवर उभे राहतायत. जमीनमालक बिल्डरशी करार करतायत. महापालिकेने पंतप्रधान आवास योजनेतून १,४४२ घरांचा प्रकल्प चऱ्होलीतच बांधला. मग इमारतींना ना नाही, तर याच योजनेला एवढा विरोध कशाला?

त्यासाठी टीपी स्कीम म्हणजे काय, हे आधी बघावं लागेल.

टीपी म्हणजे टाउन प्लॅनिंग, मराठीत नगररचना योजना. कल्पना जुनी आहे, १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासूनची. पुण्याचं शिवाजीनगर, म्हणजे तेव्हाचं भांबुर्डे, किंवा मुंबईतले सांताक्रूझ आणि विलेपार्ले इथली आखणी अशाच योजनांमधून झाली. नंतर महाराष्ट्रात हे काम रेंगाळलं आणि गुजरातने ते उचललं. अहमदाबादचा मोठा भाग टीपी स्कीममधून वाढला.

पद्धत अशी असते. एका पट्ट्यातल्या सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. त्यातून रस्ते, बागा, शाळा यांची जागा काढायची. उरलेल्या जमिनीचे चौकोनी प्लॉट पाडून ते मूळ मालकांना परत द्यायचे. हिंजवडीशेजारी पीएमआरडीएने म्हाळुंगे-माण इथे साधारण २५० हेक्टरची अशीच योजना आखली, त्यात मालकांना ५० टक्के जमीन परत देण्याचं सूत्र होतं. एक एकर म्हणजे ४० गुंठे दिले, तर २० गुंठे परत. पण ते २० गुंठे रस्त्याला लागून, बांधकामाला तयार. किंमत वाढणार, असा हिशोब.

ज्याच्याकडे पाच एकर आहेत, त्याला हा हिशोब पटू शकतो. ज्याच्याकडे दोन गुंठे आहेत, त्याचं काय?

आणि या पट्ट्यात दोन गुंठेवालेच जास्त भेटतात. भोसरी, तळवडे, चाकणच्या कंपन्यांमध्ये कामाला आलेल्या मराठवाडा, विदर्भ, खानदेशातल्या कामगारांनी वर्षानुवर्षं इथे गुंठा-दोन गुंठे घेतले. अनेकांचे व्यवहार नोटरीवर झाले, सातबाऱ्यावर नावच लागलं नाही. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर वीट-वीट जोडून घर बांधलेल्या माणसाला ‘निम्मी जागा परत मिळेल’ हे वाक्य आश्वासन वाटत नाही, नोटीस वाटते. कायद्यात लहान भूखंडधारकासाठी सोय आहे. बांधण्याजोगा प्लॉट देता येत नसेल तर पैशांत भरपाई मिळते. पण कागदच कच्चा असेल तर भरपाई मागायची कुठल्या नावाने?

आणखी एक गोष्ट प्रचारपत्रकात सहसा ठळक छापली जात नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार अशी योजना करायला प्रत्येक मालकाची संमती लागत नाही. हरकती-सूचना घेतात, पण कुणाचा अंतिम प्लॉट कुठे, हे सरकारने नेमलेला लवाद ठरवतो. वर, योजनेमुळे जमिनीची किंमत जेवढी वाढेल, त्या वाढीच्या निम्म्यापर्यंतची रक्कम मालकाकडून वसूल करायची तरतूद आहे.

हे सगळं कागदावरचं. विरोधाची खरी मुळं शहराच्या आठवणीत आहेत.

१९७२ मध्ये कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्यासाठी आसपासच्या गावांची शेतजमीन घेतली गेली. निगडी-आकुर्डीत देखणी सेक्टरं उभी राहिली, हे मान्यच करायला हवं. पण अनेक ठिकाणी जमीन ताब्यात घेऊन पुढे काही झालंच नाही आणि तिथे गुंठ्या-गुंठ्याने हजारो घरं उभी राहिली. १९७२ ते १९८३ या काळात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचा परताव्याचा प्रश्न तर दशकानुदशकं लोंबकळला. नवी मुंबईत १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेल्यावर साडेबारा टक्के परताव्याचं सूत्र आलं. इथले शेतकरी तेच मागत राहिले आणि २०२१ मध्ये ते प्राधिकरणच विसर्जित होऊन पीएमआरडीए आणि महापालिकेत विलीन झालं.

चिखली-चऱ्होली १९९७ मध्ये महापालिकेत आली. त्यानंतर अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर आला, जो माफ व्हायला २०२३ उजाडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीतल्या भंगार गोदामांवर आणि लघुउद्योगांच्या शेडवर मोठी तोडकारवाई झाली. पाठोपाठ त्याच भागासाठी टीपी स्कीम पुढे आली. दोन्हींचा संबंध होता की नव्हता हा वेगळा मुद्दा, पण गावात तो जोडला जाणारच होता.

हीच कल्पना विश्वासाने चालू शकते, याचं उदाहरण पुण्यातच आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून जास्त जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि भागीदार राहिले. तिथे ठरवणारेही तेच होते. अर्थात, बहुतेक मंडळी एकाच भावकीतली होती. चिखलीत वाडवडिलांचा सातबारा असलेला शेतकरी, लातूरहून आलेला वेल्डर आणि भंगाराचा व्यापारी यांना एका कंपनीत बसवणं तेवढं सोपं नाही.

पण विरोध समजण्याजोगा आहे म्हणून त्याची किंमत शून्य ठरत नाही. त्याच मे महिन्याच्या १७ तारखेला चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला होता. लोकांनी पैसे मोजून प्लॉट घेतले होते, आयुष्याची कमाई घातली होती. आखणीआधी विक्री झाली की काय होतं, ते पोकलेनने दाखवून दिलं.

आणि टीपी गेली म्हणून रस्ता गेला, असं होत नाही. त्याच महिन्यात शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात रस्ते आणि आरक्षणं आहेतच. फरक एवढाच की टीपी स्कीममध्ये सगळ्यांची थोडी-थोडी जमीन जाते. आराखड्यातली रेघ ज्याच्या शेतावरून किंवा घरावरून जाते, त्याची पूर्ण जागा जाऊ शकते. त्याला मिळतो टीडीआर किंवा मोबदला, आणि रस्त्यामुळे वाढलेला भाव मिळतो शेजाऱ्याला. या आराखड्यावर हजारो हरकती दाखल झाल्या, त्यात आपल्या जागेवरचं आरक्षण हलवा म्हणणारे अनेक होते.