अफूच्या राजाची फौज

ब्रह्मदेश म्हटला की आपल्याला रंगून आठवते. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब तेथे जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्याच देशाच्या शान प्रांतात तेव्हा वीस वर्षांचा एक तरुण होता. बाप चिनी, आई शान. पुढे जगाने त्याला खुन सा या नावाने ओळखले.

त्याला मोठे केले ते सरकारनेच. १९६३ मध्ये लष्करी राजवटीने डोंगरातल्या सशस्त्र टोळ्यांना स्वयंरक्षक दल म्हणून मान्यता दिली. तुम्ही बंडखोरांशी लढा, तुमच्या अफूला आम्ही वाट देतो, असा सौदा. फौज मिळाली आणि पगारही द्यावा लागला नाही! १९६७ साली त्याचा सोळा टन अफूचा तांडा खेचरांवरून लाओसमध्ये गेला. तेथे चिनी टोळ्यांशी लढाई जुंपली. लाओसच्या सेनापतीने वरून बाँब टाकले आणि माल स्वतःच उचलला.

१९६९ मध्ये सरकारने त्याला पकडले. १९७३ मध्ये त्याच्या माणसांनी दोन रशियन डॉक्टर पळवले. पुढच्या वर्षी हा सुटला. १९८५ नंतर त्याच्या सैन्याचे नाव झाले ‘मोंग ताई आर्मी’. शान जनतेच्या स्वातंत्र्यासाठी लढतो, असे तो सांगे. अफू पिकवणाऱ्या डोंगरी शेतकऱ्याची भूक खरी होती, हे मान्य. पण शान लोक बौद्ध, गावोगाव विहार. तथागतांनी उपासकाला जे धंदे वर्ज्य सांगितले त्यांत शस्त्रांचा आहे, नशेचा आहे, विषाचाही आहे. यांच्यावर उभे केलेले स्वातंत्र्य कोणाचे?

आपल्या जालन्यात स्टीलच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेल्या बापाला पोराच्या खिशात ‘बटन’ गोळ्यांची पट्टी सापडते. तो पोराला बडवतो. आई रडते, शेजारी नावे ठेवतात. पट्टी विकणाऱ्याचे नाव मात्र कोणी घेत नाही, आणि त्याला वाट देणाऱ्याचे तर नाहीच.

जानेवारी १९९६ मध्ये खुन सा फौजेसह सरकारला शरण गेला. अमेरिकेने त्याच्यावर वीस लाख डॉलरचे बक्षीस लावले होते. सरकारने त्याला अमेरिकेच्या हवाली केले नाही. तो रंगूनमध्ये राहिला आणि ऑक्टोबर २००७ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तेथेच वारला. अफू थांबली नाही. २०२३ मध्ये तो देश अफूच्या उत्पादनात अफगाणिस्तानच्याही पुढे गेला.