तंटामुक्तीचा पहिला धडा शाळेत हवा

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे बाजारपेठेचे गाव आहे. जुन्या मराठीत ‘बकाल’ म्हणजे वाणी, किराणा व्यापारी. गावाच्या नावाचा या अर्थाशी संबंध असो वा नसो, देवघेव हा अशा गावांचा स्वभाव असतो आणि प्रत्येक बाजाराला एक शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. घेणारा आणि देणारा यांचे अडले की तिसरा माणूस मध्ये पडतो. तो कोणाच्या बाजूने निकाल देत नाही. दोघांचे म्हणणे तो एकमेकांपर्यंत पोहोचवितो, थोडे इकडे, थोडे तिकडे सरकवितो, आणि सौदा अखेर त्या दोघांचाच होतो. बैलाच्या किंवा कापसाच्या सौद्यात सहज वापरले जाणारे हे शहाणपण धुऱ्यावरच्या भांडणात मात्र कोठे जाते, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

वऱ्हाडातील खेड्यांचे तंटे तसे नवे नाहीत. धुरा कोणी कोरला, पांदण रस्ता कोणी अडविला, विहिरीच्या पाण्याची पाळी कोणी चुकविली, कोणाची गुरे कोणाच्या शेतात शिरली, भावकीच्या वाटणीत कोणाला कमी आले, याच कारणांवरून पिढ्या खर्ची पडल्या आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात तर गोड पाणी हेच मुळी दुर्मिळ. तेथे पाण्यावरून शब्दाला शब्द वाढला तर नवल नाही. यातले बहुतेक तंटे वारशाने येतात. आजोबाने सुरू केलेले वैर नातू दप्तराबरोबर शाळेत घेऊन जातो. शेजारच्या बाकावर बसलेला मुलगा ‘त्यांच्यापैकी’ आहे, हे त्याला पाढ्यांच्या आधी कळलेले असते. म्हणूनच तंटामुक्तीचा आरंभ चावडीवर न होता शाळेत व्हावयास हवा, आणि भांडण मिटविण्याची कला मुलांना वाचन-गणिताइतक्याच नेटाने शिकवावयास हवी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

मोहिमेने काय शिकविले?

या दिशेने महाराष्ट्राने एक मोठा प्रयोग केलेला आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या मोहिमेत गावोगावी समित्या नेमल्या गेल्या; दिवाणी, महसुली आणि फौजदारी स्वरूपाचे, कायद्याने तडजोडीस मोकळे असलेले तंटे गावातच सामोपचाराने मिटवावेत, नवे तंटे उद्भवू देऊ नयेत, अशी तिची कल्पना होती. चांगले काम करणाऱ्या गावांना पुरस्कार ठेवण्यात आले. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ अशी म्हण असलेल्या समाजाने मोहिमेला मनापासून साद दिली, हे मान्यच केले पाहिजे. अनेक गावांत वर्षानुवर्षांची वैरे संपली.

परंतु तिच्या मर्यादाही आपण प्रामाणिकपणे पाहावयास हव्यात. प्रारंभीचा जोर पुढे ओसरला. तंटे मिटविण्याचे काम आकड्यांत मोजले जाऊ लागले की आकडा मोठा आणि समेट लहान होण्याचा धोका असतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ही मोहीम प्रामुख्याने प्रौढांची होती. ज्यांचे वैर पक्के झाले आहे, ज्यांच्या फायली कचेरीत पडल्या आहेत, त्यांना ती समोरासमोर बसवीत होती. ज्यांचे वैर अद्याप कच्चे आहे, त्या मुलांकडे तिचे फारसे लक्ष गेले नाही. पिकात तण माजल्यावर निंदणी करावी लागतेच. पण पेरणीच्या वेळी बियाणे निवडण्याचे कष्ट घेतले, तर निंदणी हलकी होते.

मोहिमेला ज्यांचे नाव दिले गेले, त्या गांधीजींच्या चरित्रातील एक प्रसंग या ठिकाणी आठवतो. १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या एका दाव्याच्या कामासाठी. प्रतिपक्षी तय्यब शेठ हे नात्यातलेच. गांधीजींनी दोघांना लवादाकडे जाण्यास राजी केले आणि निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. रक्कम सुमारे ३७ हजार पौंडांची होती. ती एकदम भरावी लागली असती, तर तय्यब शेठ धुळीस मिळाले असते. तेव्हा गांधीजींनी दादा अब्दुल्लांना हप्ते स्वीकारावयास लावले आणि दोन्ही घरांची अब्रू राहिली. निकाल लागणे आणि तंटा मिटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रसंगाचा अर्थ. आपल्या शाळांत मुलांना निकाल पाहावयास मिळतो. तंटा मिटताना पाहावयास मिळत नाही.

छडी गेली, मग काय आले?

शाळेत भांडण झाले की काय होते? एक मूल गुरुजींकडे धावत जाते. गुरुजी फळ्याकडे पाठ करून दोघांना बोलावितात. कोणी सुरू केले, असा प्रश्न होतो. दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवितात. पूर्वी दोघांच्या हातावर सारख्या छड्या पडत आणि प्रकरण संपे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. १ एप्रिल २०१० पासून तो कायदा अमलात आहे. ही मनाई योग्यच होती. परंतु छडी काढून घेतली, तिच्या जागी शिक्षकाच्या हाती काय दिले? ‘एकमेकांची माफी मागा, हात मिळवा आणि जागेवर बसा’ एवढेच एक वाक्य. हात मिळतात, मने मिळत नाहीत, आणि उरलेले भांडण शाळा सुटल्यावर रस्त्यावर, आणि आता तर मोबाईलवरच्या गटांतही, पुढे चालू राहते.

मुलांना आपण जी पदे देतो त्यांचाही विचार करावा. वर्गाचा मॉनिटर म्हणजे मुलाच्या आयुष्यातील पहिला अधिकारी. त्याचे मुख्य काम कोणते? गुरुजी बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे. अधिकार म्हणजे दुसऱ्याची चूक टिपून वर कळविणे, हा नागरिकशास्त्राचा धडा पुस्तकात कोठेही छापलेला नाही. पण तोच सर्वांत पक्का पाठ होतो.

मुलांची मध्यस्थी

जगातील अनेक शाळांनी याला एक पर्याय शोधला आहे. अमेरिकेत सान फ्रान्सिस्को येथे १९७६ साली ‘कम्युनिटी बोर्ड्स’ ही संस्था वस्त्यांतील तंटे शेजाऱ्यांनीच मिटवावेत या हेतूने निघाली. तिनेच पुढे १९८० नंतरच्या दशकात ही रीत शाळांत नेली. रीत साधी आहे. दोन मुलांचे भांडण झाले की, त्याच शाळेतील शिकविलेली दोन मुले मध्ये बसतात. नियम चार: एका वेळी एकानेच बोलावे, शिवी देऊ नये, खरे सांगावे, येथले बोलणे बाहेर नेऊ नये. पहिला आपली बाजू सांगतो. मध्यस्थ ती स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगतो आणि ‘असेच ना?’ म्हणून विचारतो. मग दुसऱ्याची पाळी. त्यानंतर ‘तुला काय हवे आहे?’ आणि ‘ते का हवे आहे?’ हे दोन प्रश्न. उपाय भांडणाऱ्यांनीच सुचवावयाचे आणि दोघांना मान्य होईल तो निवडावयाचा. मध्यस्थाने निकाल द्यावयाचा नसतो, हा या पद्धतीचा प्राण आहे.

समजा, शाळेच्या नळावर पाणी भरताना एकाने दुसऱ्याला ढकलले. गुरुजींच्या न्यायात ढकलणारा दोषी. मध्यस्थीत मात्र कळते की, ढकलणाऱ्याची बाटली आदल्या दिवशी कोणी लपविली होती आणि दिवसभर तो तहानलेला राहिला होता. ज्याला ढकलले, त्याला याचा पत्ताही नव्हता. ‘काय’ याच्या मागे ‘का’ असते हे ज्या मुलाला दहाव्या वर्षी समजले, त्याला चाळिसाव्या वर्षी धुऱ्याच्या वादात शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे जड जाणार नाही.

मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला. शिकविण्यापूर्वी मुले भांडणात जोर वापरतात, माघार घेतात किंवा शिक्षकांकडे तक्रार नेतात. शिकविल्यानंतर ती वाटाघाटीकडे वळतात आणि शिक्षकांकडे येणाऱ्या तक्रारी घटतात, असे त्यांना आढळले. थोड्या निवडक मुलांऐवजी सर्वांनाच ही कला शिकवावी आणि मध्यस्थीची पाळी सर्वांना द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडेही असे काम झालेले आहे. शांतिलाल मुथा फाउंडेशनने २००९ साली बीड जिल्ह्यातील ५०० जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू केला. जोडीने बोलणे, गटात निर्णय घेणे, दुसऱ्याचे ऐकणे या गोष्टी तेथे प्रत्यक्ष कृतीतून शिकविल्या गेल्या आणि पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने तो इतर जिल्ह्यांतही गेला. तेव्हा हे बीज आपल्या मातीत रुजत नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

समेटाच्या नावाखाली अन्याय नको

तथापि, येथे एक सावधगिरीची सूचना केल्यावाचून पुढे जाता येत नाही. भांडण आणि जाच या भिन्न गोष्टी आहेत. भांडण दोन बरोबरीच्यांत होते. जाच बलवान दुर्बलाचा करतो. जातीवरून चिडविलेल्या मुलाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीतून आलेल्या आणि बोलीवरून हसल्या गेलेल्या आदिवासी मुलाला, किंवा वाटेत अडविल्या जाणाऱ्या मुलीला ‘दोघांनी थोडे थोडे सोडा’ असे सांगणे म्हणजे अन्यायात सहभागी होणे होय. केंब्रिजचे डेव्हिड फॅरिंग्टन आणि मारिया टोफी यांनी २००९ साली शाळांतील दादागिरीविरुद्धच्या उपक्रमांचा मोठा आढावा घेतला. मध्यस्थीसारखे, सोबतच्या मुलांवर सोपविलेले उपाय जेथे होते, तेथे जाच घटण्याऐवजी वाढल्याचे त्यांना दिसले. अशा प्रसंगी जबाबदारी शिक्षकाची, मुख्याध्यापकाची आणि कायद्याची आहे. ती मुलांच्या खांद्यावर टाकता येणार नाही.

महाराष्ट्राला हा धोका वेगळा समजावून सांगावयास नको. पंच बसले, समेट झाला, आणि दुर्बलाचे तोंड कायमचे बंद झाले, असे आपल्याकडील जातपंचायतींत वारंवार घडले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करण्याची वेळ राज्यावर आली ती त्यामुळेच. दोन मांजरांच्या लोण्याची वाटणी करणारे माकड आपल्या परिचयाचे आहे. तराजू हाती आला की मध्यस्थाचा न्यायाधीश आणि न्यायाधीशाचा मालक होण्यास वेळ लागत नाही. म्हणून मुलांना मध्यस्थी शिकवितानाच ‘हे आमचे काम नाही, हे सरांना सांगितलेच पाहिजे’ असे ओळखण्यासही शिकवावयास हवे. मार, चोरी, छेडछाड, जातिवाचक अपमान ही प्रकरणे मध्यस्थीत घ्यावयाची नाहीत, हा नियम पहिल्या दिवशीच भिंतीवर लिहावा.

कसे करावे?

शिक्षकांवर आधीच कामांचे ओझे आहे, त्यात हे आणखी कशाला, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सर्व कामे ज्याच्यावर येतात, त्या गुरुजींना नवी नोंदवही देणे क्रूरपणाचे ठरेल. पण हे काम नोंदवहीचे नाही. आठवड्यातून एक तास आणि परिपाठातील काही मिनिटे एवढ्यावर ते सुरू होऊ शकते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखादे सत्र याला द्यावे. शाळेच्या बालसभेला भाषणांऐवजी हे काम सोपवावे. मध्यस्थांत मुली असाव्यात, प्रत्येक वस्तीतील मुले असावीत. केवळ हुशार मुलांची निवड करू नये, कारण वर्गातील सर्वांत खोडकर मुलगाच पुष्कळदा भांडणाची नाडी ओळखतो. आणि किती तंटे मिटले याचे तक्ते वर मागवू नयेत. तक्ता मागितला की तंटे तयार होतात, हे लक्षात ठेवावे.

मुले अजाण आहेत, त्यांना काय कळते, असा दुसरा आक्षेप. ज्यांच्या विटीदांडूत, लगोरीत आणि क्रिकेटमध्ये रोज दहा वाद होतात आणि पंचाशिवाय मिटतातही, त्यांच्याविषयी हे म्हणणे टिकत नाही. खेळ बंद पडू नये म्हणून मुले तडजोड करतात. खेळ पुढे चालला पाहिजे, हे त्यांना मोठ्यांपेक्षा चांगले कळते.

संसदेने २०२३ साली केलेल्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. परिसराची शांतता बिघडविणारे तंटे उभय पक्षांच्या संमतीने मध्यस्थांच्या मंडळापुढे नेता यावेत, असे त्यात म्हटले आहे. त्या समेटाला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मात्र दिलेले नाही. तो टिकावयाचा, तर माणसांच्या शब्दावरच टिकेल. मग दिलेला शब्द पाळणारी, आणि समोरच्याचा शब्द शेवटपर्यंत ऐकून घेणारी माणसे आणावयाची कोठून? ती कायद्याच्या कलमांतून निघत नाहीत. ती शाळेच्या पटावरूनच यावी लागतील.

वरवट बकालसारख्या बाजारगावांच्या शाळांत भोवतालच्या खेड्यांची मुले एका बाकावर बसतात. त्यांतील काहींच्या घरांत आजही एकमेकांच्या नावाने चूल पेटत असेल. त्यांच्यापैकी दोघांनी मधल्या सुटीत एकमेकांचे म्हणणे ऐकून घेतले, तर त्या दिवशी गावात कोणताही पुरस्कार वाटला जाणार नाही, वर्तमानपत्रात बातमी येणार नाही. परंतु वीस वर्षांनंतर एखाद्या धुऱ्यावर कुऱ्हाड उचलली जाणार नाही. शिक्षणाचे यापेक्षा मोठे फळ दुसरे कोणते?