हौसेला मोल नाही, मिस्त्रीलाही नाही

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून भाचा शिराळ्याला आला. नोकरी चांगली, हातात पैसा खेळतो. शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली आणि त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामू, ही घेतोय." फोटोत लालभडक, उघड्या छपराची, दोन सीटची गाडी. विकणाऱ्याचं म्हणणं असं की ही १९६८ सालची फियाटची स्पोर्ट्स गाडी, एका जुन्या घराण्यानं कंपनीतूनच अशी उघडी मागवलेली. किंमत अकरा लाख. पन्नास हजार टोकन त्याच संध्याकाळी पाठवायचं होतं, कारण म्हणे दुसरं गिऱ्हाईक तयार बसलं होतं.

मी त्याला एस.टी. स्टँडपलीकडच्या चाचांकडे घेऊन गेलो. चाचा माझ्या अब्बांच्या हाताखाली डेंटिंग शिकले. आज सत्तरी उलटली, तरी हातोडी सुटलेली नाही. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "बाळ, दाराची फट बघ. वर बारीक, खाली रुंद. गाडी मधनं बसलीय. मागची दोन दारं वेल्डिंग मारून बुजवल्यात. ही कसली स्पोर्ट? छप्पर कापलेली फियाट हाय." मग भाच्याकडून विकणाऱ्याला निरोप धाडला, दार उघडून बंद करतानाचा व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ आला नाही. पुढे फोनही उचलला गेला नाही.

अकरा लाख वाचले. निघताना भाच्यानं माझ्या कानाशी विचारलं, "मामू, चाचांना काय द्यायचं? दोनशे पुरेत?"

हा लेख त्या दोनशे रुपयांविषयी आहे.

आपल्याकडे म्हण आहे, हौसेला मोल नसतं. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांच्या तोंडी ती नेहमी असते. पण नीट बघा, मोल नसतं ते फक्त हौसेला. दलालाच्या कमिशनला मोल असतं. टोकनला असतं. ट्रकवर चढवून गाडी आणायला असतं. इटलीहून मागवलेल्या स्टिअरिंगला तर फारच असतं. ज्या माणसाच्या हातावर ही सगळी हौस उभी असते, त्याच्याशी मात्र घासाघीस. "चाचा, जरा समजून घ्या की." समजून घ्यायचं ते नेहमी चाचांनीच.

त्या एका नजरेची किंमत काय होती, तेही समजून घेऊ. फियाट ११०० ला वेगळी चेसिस नसते. छप्पर, खांब, फरशी, सगळं मिळून एकच पेटी असते आणि त्या पेटीवरच गाडीचा भार असतो. अशा गाडीचं छप्पर कापलं आणि खालून मजबुती दिली नाही, तर ती मधून वाकते. दाराची फट वर आवळते, दार अडकतं आणि खड्ड्यात सगळी बॉडी थरथरते. मद्रासला १९६१ पासून बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डची गोष्ट वेगळी. तिला खाली स्वतंत्र चेसिस आहे आणि छप्पर नटबोल्टनं बसवलेलं आहे. हेराल्डचीच चेसिस आखूड करून इंग्रजांनी १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही खरीखुरी स्पोर्ट्स गाडी बाजारात आणली. म्हणून ज्याने हेराल्डचं पुढचं सस्पेन्शन खोलून बांधलंय, त्याला स्पिटफायर परकी वाटत नाही. हे ज्ञान चाचांना कुठल्या कॉलेजनं दिलेलं नाही. पन्नास वर्षं गाडीखाली पाठ टेकून ते मिळालंय. डॉक्टर एक्स-रे बघून दोन मिनिटांत निदान सांगतो तेव्हा आपण "दोनच मिनिटं लागली की" म्हणून त्याची फी कमी करत नाही.

पहिल्यांदाच जुनी स्पोर्ट्स गाडी घेणाऱ्याला माझं सांगणं स्पष्ट आहे: आधी मिस्त्री शोधा, मग गाडी. जी गाडी तुमच्या पंचक्रोशीतला माणूस खोलू शकत नाही, ती तुमची नव्हे. ती तुमच्या अंगणात उभं राहिलेलं दुसऱ्याचं बिल आहे. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते का? दोन सीटची, उघड्या छपराची, फायबरच्या बॉडीची, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन असलेली. आपल्या शेजारची, अलीकडची स्पोर्ट्स गाडी. दिसायला देखणी आणि परदेशी गाड्यांपुढे स्वस्त. पण बनल्याच थोड्या. अशा गाडीची पुढची काच फुटली तर ती पेठ नाक्यावरच्या दुकानात मिळणार नाही. घ्यायला हरकत नाही, पण काच फुटल्यावर कुणाकडे जायचं, हे घेण्याआधी ठाऊक हवं.

यावर कुणी म्हणेल, हा दिलाचा मामला आहे, तुम्ही हिशेब काय मांडता? मान्य. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. पण ती आजही चालते, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणाचे तरी हात तिच्यावर फिरलेत. दिल मालकाचं असेल, धडधड मिस्त्रीनं ठेवलेली असते.

आता कायद्याकडे या. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आणि अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे भाच्याची ती लाल गाडी आली असती, तर या नियमात बसली नसती. साध्या नोंदणीतही अडकली असती, कारण कंपनीच्या मूळ बांधणीत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. तेव्हा फॉर्म २९ आणि ३० वर सही करण्याआधी आरसी बुक मागा. त्यातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर, घासून, बॅटरीच्या उजेडात वाचा. तो कुठे ठोकलेला असतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मिस्त्रीला ठाऊक असतं.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवा. देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप बनवली. तिचा व्हिडिओ देशभर फिरला. नियमात बसत नाही म्हणून ही गाडी एक ना एक दिवस अडवली जाईल, असं सांगून आनंद महिंद्रांनी त्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या घरी आली. चांगलंच झालं. माझा प्रश्न वेगळा आहे. कारागिरानं स्वतःच्या पोरासाठी बनवलेल्या जीपच्या आड येणारा कायदा, लग्नाच्या वरातीत फुलं लावून फिरणाऱ्या छप्परकापू गाड्यांच्या आड का येत नाही? आणि व्हिडिओ फिरला नसता, तर लोहारांच्या हातांची किंमत कुणी केली असती?

इथवर मी हौशी मालकांना बोललो. आता आपल्या घरात बघू. शिराळ्यापासून कराड-मिरजेपर्यंत वेल्डिंग, डेंटिंग, रेडिएटर, कुशन, रंगाची कामं करणाऱ्यांत आपली माणसं किती आहेत, हे मी सांगायला नको. शिकलगार, मुल्ला, मुलाणी, नदाफ, पटेल. दुकानांच्या पाट्या वाचा. पण त्याच माणसाच्या मुलासाठी स्थळ बघायला निघालो की आपणच विचारतो, "पोरगा काय करतो? गॅरेज? बरं, कळवतो." आणि कळवत नाही. वलीम्याला तासाच्या भाड्यानं उघडी गाडी आणायला आपल्याकडे पैसे असतात. ती गाडी रात्रभर जागून चालू करून देणाऱ्याला मात्र पंगतीत बोलवायचं आपण विसरतो. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी त्याच्या हातावर पडावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या अब्बांच्या वहीत उधारीची पानं होती. त्यांतली निम्मी नावं मशिदीच्या पहिल्या सफेतली होती. त्यातली बरीच उधारी अब्बांसोबतच दफन झाली.

मिस्त्री लोकांनाही दोन शब्द सुनावतो, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. "उद्या या" म्हणून महिना लावू नका. बिल लिहून द्या. जुना पार्ट काढला तर तो मालकाच्या हातात द्या. कागद नसला की समोरचा तुमच्या कामाला मेहरबानी समजतो आणि मग मेहरबानीचेच पैसे देतो. तपासणीची फी ठरवा आणि ती आधी सांगा. लाज वाटायचं कारण नाही.

हे सगळं आत्ताच का सांगतोय? कारण वेळ थोडा आहे. मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आपण फोटो टाकले, हळहळलो. पण त्या टॅक्सींच्या जिवावर फियाटचे पार्ट विकणारी दुकानं होती आणि १०८९ सीसीचं ते इंजिन आवाजावरून ओळखणारे कान होते. टॅक्सी गेली तसं त्यांचं रोजचं काम गेलं. आता ते कान जिवंत ठेवायचे तर हौशी मालकांनीच ठेवायचे आहेत, दुसरं कुणी उरलेलं नाही. चाचांचा मुलगा पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. त्याला मी दोष देत नाही. दोनशे रुपयांसाठी पन्नास वर्षांची विद्या कोण शिकेल?

म्हणून गाडी घेणाऱ्यांनो, खर्चाच्या यादीत पहिल्या ओळीत मिस्त्रीची तपासणी फी लिहा. गाडीच्या किमतीचा एक टक्का धरला, तरी त्या लाल गाडीचे अकरा हजार होतात. रॅलीत गाडीपुढे मालकाच्या नावाची पाटी लावता, तिच्यावर दुसरं नावही येऊ द्या. आणि चाचांच्या हाताखाली एक पोरगा राहावा म्हणून त्याचा महिन्याचा पगार चार मालकांनी मिळून द्या. परदेशी स्टिअरिंगपेक्षा स्वस्त पडेल.

भाच्याला हे सगळं मी तिथेच ऐकवलं. तो रागावला. "मामू, तुम्ही प्रत्येक गोष्टीचं भाषण करता," म्हणाला. तरी जाताना पाकीट उघडून पाच हजार चाचांच्या पुढे धरले. चाचांनी त्यातले दोन हजार ठेवले, बाकीचे परत केले आणि म्हणाले, "गाडी आणशील तवा उरलेले दे. पर आणायच्या आधी मला दाखव."

गाडी अजून आलेली नाही. चाचा रोज सकाळी नऊला शटर उघडतात. जायचं असेल त्यांनी वेळेत जावं.