चालत्या लॅपटॉपला निवृत्ती द्यावी का?



सोयाबीनचे पैसे हातात आले की घराघरांत खर्चाची यादी होते. हरभऱ्याचे बी, खत, सोसायटीचा हप्ता, मुलांची फी, आणि काही उरलेच तर छपराचे पत्रे. अलीकडे या यादीत एक नवे नाव शिरले आहे, ते म्हणजे लॅपटॉप. पूर्वी गावोगाव फिरताना लोक विचारत, कोणते वाण पेरू, कोणते औषध फवारू. आता चहाचा कप पुढे ठेवून हळूच विचारतात, "साहेब, पोरगी म्हणते लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या. तो तर चालतोय. काय करावं?"

प्रश्न चाळीस-पन्नास हजारांचा आहे. ज्या घरात एवढे पैसे वर्षातून एकदाच दिसतात, तिथे तो सहज सोडून देण्यासारखा नाही. घाईने घेतला तर रब्बीला हात आखडतो. हट्टाने टाळला तर मुलीच्या शिक्षणाचे वर्ष अडते. म्हणून आज याचा नीट हिशेब मांडू.

बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो. पण घरच्या बैलाची पारख औताला जुंपून होते. यंत्राचेही तसेच आहे. लॅपटॉप किती वर्षांचा झाला हा दुसरा प्रश्न. आपले काम तो करतो का, हा पहिला.

तेव्हा प्रथम एका कागदावर कामे लिहून काढा. सातबारा काढणे, महाडीबीटीवर अर्ज भरणे, बाजारभाव पाहणे, मुलांचे टायपिंग, व्हिडिओवरचे वर्ग. एवढ्या कामांना साधे यंत्र पुरते. मात्र मुलगी इंजिनिअरिंगला असेल आणि तिला नकाशे काढायचे मोठे प्रोग्रॅम लागत असतील, तर कॉलेजातून लिहून आणायला सांगा की किती ताकदीचे यंत्र लागते. मैत्रिणीकडे कोणते आहे, यावर ठरवू नका.

नंतर दुखणे ओळखा. बहुतेकांची तक्रार एकच, फार हळू चालतो. जुन्या लॅपटॉपमध्ये माहिती साठवायला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. तबकडी फिरणार, सुई जागा शोधणार, मग माहिती मिळणार. ती काढून तिच्या जागी एसएसडी बसवली, की बरेचदा तेच यंत्र चपळ होते, कारण एसएसडीत फिरणारा भागच नसतो. रॅम चार जीबी असेल तर ती आठ केल्यानेही फरक पडतो. मात्र काही लॅपटॉपमध्ये रॅम आतच पक्की जोडलेली असते, ती वाढवता येत नाही. आधी विचारून घ्या.

दुसरी तक्रार, तापतो आणि पंखा घरघरतो. मळणीच्या दिवसांत आपल्या घरात किती धूळ असते ते सांगायला नको. ती पंख्यात बसली की आतली गरम हवा बाहेर पडत नाही. दुरुस्ती करणाऱ्याकडून आतून साफ करून घ्या. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिच्यात पाण्याचा अंश असतो, शिवाय त्या जोराने पंखा मोडू शकतो. गादीवर किंवा गोधडीवर ठेवून लॅपटॉप वापरला तरी हवेची वाट बंद होते. खाली पाट किंवा फळी ठेवावी.

तिसरी तक्रार बॅटरीची. लिथियमची बॅटरी वापराने आणि उष्णतेने झिजतेच. दुकानदाराला बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती किती भरते, हे दोन्ही आकडे दिसतात. झिजली असेल तर बॅटरी बदला. त्यासाठी अख्खा लॅपटॉप बदलायचे कारण नाही. पण बॅटरी फुगलेली दिसली, खालचा पत्रा उचलला गेला, तर त्या घटकेला वापर आणि चार्जिंग बंद करा. तिला टोचू नका, दाबू नका. ती पेट घेऊ शकते.

आता एक गोष्ट अशी, की यंत्र ठणठणीत असूनही ती लक्षात घ्यावीच लागते. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने थांबवली. ज्यांनी वेगळी नोंदणी केली, अशा घरगुती वापराच्या यंत्रांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत ठेवण्यात आली. मुदत संपल्यावर लॅपटॉप बंद पडत नाही. मात्र नवी फट सापडली तर ती बुजवली जात नाही. कुंपणाला पडलेले भगदाड तसेच राहिले, तर आज ना उद्या जनावर आत शिरणारच. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

यावर उपाय असा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात अबाउट उघडले की कोणती विंडोज आहे आणि रॅम किती आहे ते कळते. विंडोज ११ ला निदान चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. शिवाय प्रोसेसर कंपनीच्या यादीत असावा लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडता, त्या यादीत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्रॅम आपले यंत्र बसते की नाही ते सांगतो. बसत असेल तर विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे पडत नाहीत.

बसत नसेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घालता येते. ती आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, म्हणजे लॅपटॉपमधले काही न पुसता अंदाज येतो. इंटरनेट, अर्ज आणि लिखाण यांना ती पुरते. पण कॉलेजचे काही ठरावीक प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत, हे आधी तपासा.

आता पैशाचा हिशेब. समजा नवा लॅपटॉप ४५,००० रुपयांचा आणि तो पाच वर्षे चालला, तर वर्षाला ९,००० पडले. जुन्यावर ६,००० खर्चून तो आणखी दोन वर्षे चालला, तर वर्षाला ३,००० पडले. पण दुरुस्तीच १५,००० वर गेली आणि वर्षभराचाच भरवसा असेल, तर नवा घेणे स्वस्त. आकडे तुमच्या बाजारातले घाला, आणि दोन दुकानांतून विचारून घाला. सुट्या भागांचे भाव सारखे बदलतात.

नवा केव्हा घ्यावा, हेही स्पष्ट सांगतो. शिक्षणाला लागणारा प्रोग्रॅम दुरुस्तीनंतरही चालत नसेल, मदरबोर्ड गेला असेल, किंवा सुरक्षित प्रणाली कोणतीच बसत नसेल, तर ओढाताण करू नका. बियाण्यात आणि शिक्षणात नको तिथे काटकसर केली, की ती पुढे महागात पडते. आणि एक घरगुती बोल. मुलाने मागितला की कर्ज काढून घ्यायचा आणि मुलीने मागितला की "चालतोय की" म्हणायचे, असे कित्येक घरांत पाहतो. हिशेब दोघांना एकच लावा.

नवा आणलाच, तर जुन्यातले फोटो, कागदपत्रे आणि प्रकल्प आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. यंत्र कुणाला देण्यापूर्वी आतली माहिती पूर्ण पुसा, नाहीतर आधार आणि पासबुकाच्या प्रती परक्याच्या हाती जातील. अगदीच निकामी झालेले यंत्र उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर नकाच. त्याचा विषारी अंश आपल्याच मातीत उतरतो. नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राकडे ते द्यावे.

सणाच्या सवलतीच्या पाट्या लागल्या की निर्णय दुकानात होतो. तो घरी व्हायला हवा. तेव्हा येत्या रविवारी मुलांना शेजारी बसवा, कामांची यादी करा, सेटिंग्ज उघडून पाहा आणि वर्षाचा खर्च मांडा. मुलांनाही कळेल की सोयाबीनच्या पैशाला किती वाटा फुटतात, आणि तुम्हालाही कळेल की त्यांच्या अभ्यासाला नेमके काय लागते.