धंदा तोट्यात असताना ‘स्टार’ विकत घेऊ नका



या आठवड्याच्या व्हिडिओत मी ‘हॅट्रिक’ नावाच्या ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर गेमचा उल्लेख केला. तिथे वेळ कमी पडला, म्हणून पूर्ण मुद्दा इथे लिहितोय. माझं मत सरळ आहे. तुमचा छोटा धंदा अडखळत असेल, तर दहा मोटिव्हेशनल भाषणं ऐकण्यापेक्षा या गेममधली एक हरणारी टीम एक सीझन सांभाळून बघा.

आधी एक गैरसमज दूर करू. पैसे लावून टीम बनवायचे गेम वेगळे. त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून बंदी आणली. हॅट्रिक त्यातला नाही. १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला हा गेम फुकट खेळता येतो. यात बटणं दाबून गोल मारायचा नसतो. तुम्ही क्लब चालवता. तुमच्या लीगमध्ये आठ टीम, १४ सामने आणि १६ आठवड्यांचा सीझन. खेळाडूंचा पगार दर आठवड्याला जातो. म्हणजे घाई करून काहीच होत नाही, आणि नेमकं तेच आपल्याला शिकायचंय.

टीम हरली की नवा मॅनेजर काय करतो?

बाजारात जातो आणि लिलावात एक महागडा खेळाडू उचलतो. पहिल्या सामन्याला बरं वाटतं. पण त्या खेळाडूचा पगारही मोठा असतो आणि तो दर आठवड्याला द्यावा लागतो. बाकीचे दहा जण तेच, तसेच. शिल्लक उणे झाली की वर व्याज लागतं.

आता आपल्याकडे बघा. भोसरी-चाकण पट्ट्यात ऑर्डर कमी झाल्या की कितीतरी जण हेच करतात. मोठं मशीन हप्त्यावर घेतात, किंवा दुसऱ्याच्या शेडमधला ऑपरेटर जास्त पगारावर आणतात. “मशीन आलं की काम येईल” असं म्हणतात. काम येईल तेव्हा येईल, हप्ता मात्र पाच तारखेला येतो. आणि त्या मशीनसाठी घरातलं सोनं बँकेत गेलेलं असतं.

पहिलं काम : गळती थांबवा

चांगला मॅनेजर आधी आर्थिक पान उघडतो. आठवड्याला किती आले, किती गेले?

समजा चऱ्होलीत तुमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. तीन माणसांचा आठवड्याचा पगार १८,०००, भाडं ४,५००, वीज २,०००, कर्जाचा हप्ता ५,५००. झाले ३०,०००. माल आणि इतर खर्च वजा जाऊन हातात येतात २६,०००. आठवड्याला ४,००० कमी. ऐकायला किरकोळ वाटतं ना? १६ आठवड्यांत ६४,००० होतात. महिन्याच्या हिशोबात हे लपतं, कारण मधेच कुठलं तरी जुनं बिल येतं आणि आपण खूश होतो. म्हणून हिशोब आठवड्याचाच ठेवा.

मग बाकावर बसलेला महागडा खेळाडू शोधा. कोपऱ्यात ताडपत्री टाकून ठेवलेलं मशीन, न लागणारी जास्तीची जागा. “कधीतरी लागेल” म्हणून ठेवलेली वस्तू आज भाव येतोय तोवर विका.

दुसरं काम : एकच गोष्ट शिकवा

हॅट्रिकमध्ये टीमला एका वेळी एकाच कौशल्याचा सराव देता येतो. कौशल्याची एक पायरी वर जायला बरेच आठवडे लागतात. दर आठवड्याला सराव बदलला तर कोणीच धड तयार होत नाही. तरुण खेळाडू लवकर शिकतो आणि त्याचा पगारही कमी असतो. म्हणून जुने खेळाडू मधल्या फळीवर भर देतात, कारण मधली फळी मजबूत असेल तर गोलच्या संधी जास्त मिळतात.

तुमच्या धंद्याची मधली फळी कोणती? ग्रिल, शेड, गेट, टाकीचा स्टँड, सगळंच करत बसला असाल तर एक निवडा. चऱ्होलीत नव्या सोसायट्या उभ्या राहतायत, तर समजा स्टीलचं रेलिंग निवडलंत. मग १६ आठवडे तुमच्या हेल्परला आर्गन वेल्डिंगच शिकवा.

गेममधली एक युक्ती इथे कामाला येते. लीगच्या सामन्यात नेहमीचे खेळाडू खेळवायचे आणि आठवड्याच्या मधल्या मैत्रीपूर्ण सामन्यात बाकीच्यांना उतरवायचं. त्यांनाही सराव मिळतो आणि हरलो तरी गुण जात नाहीत. तसंच हेल्परला गिऱ्हाईकाच्या मालावर शिकवू नका. काम कमी असेल त्या दिवशी भंगारातल्या तुकड्यांवर हात बसू द्या.

गेम कुठे कमी पडतो?

गेममध्ये घरच्या सामन्याचे तिकिटाचे पैसे हमखास मिळतात. आपल्याकडे माल गेल्यावर पैसे तीन-तीन महिने अडकतात. त्यासाठी उद्यम नोंदणी करून घ्या. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे द्यावे लागतात. कायदा आहे म्हणून पैसे आपोआप येत नाहीत, हेही खरं. एकाच मोठ्या गिऱ्हाईकाशी भांडायची हिंमत होत नाही. म्हणून तर दुसरं आणि तिसरं गिऱ्हाईक आधीच शोधायचं.

दुसरा फरक जास्त गंभीर आहे. गेममधली टीम बुडाली तर नवी मिळते. खऱ्या मैदानात तसं नसतं. पुण्याची भारत एफसी कल्याणी ग्रुपसारख्या मोठ्या उद्योगाची टीम. बालेवाडीत खेळायची. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये ती तळाला राहिली आणि पुढच्या सीझनला मैदानात उतरलीच नाही. मोठ्या ग्रुपची एक टीम बंद झाली तरी बाकीचे कारखाने चालू राहतात. तुमच्या-माझ्याकडे मात्र एकच शेड असतं, आणि त्यावर घर चालतं.

या आठवड्याचा होमवर्क

वही घ्या. तीन ओळी लिहा : आठवड्याला किती कमी पडतात, काय विकता येईल, आणि पुढचे १६ आठवडे कोणाला कोणतं एकच काम शिकवणार. सोळा आठवडे होईपर्यंत नवं मशीन नाही, नवा हप्ता नाही. सीझन संपल्यावर गळती थांबलेली असेल आणि ऑर्डर हाताबाहेर जात असतील, तर खुशाल मशीन घ्या. तेव्हा ते चालवणारा माणूस तुमच्याच शेडमध्ये तयार असेल.