काळ्या पट्टीखालचा खाते क्रमांक

परवा तालुक्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी पडली. पीडीएफ. नाव, गाव, गट नंबर, रक्कम आणि शेवटी मोबाइल व बँक खात्याचे दोन रकाने. ते दोन रकाने काळ्या पट्ट्या मारून झाकलेले. म्हटलं, चला, कुणीतरी विचार केला.

बातमीसाठी मी ती टॅबवर उघडली. आपल्या भागातली नावं पिवळी करत होतो, तेवढ्यात बोट एका काळ्या पट्टीवर पडलं. पट्टी निवडली गेली आणि वर 'डिलीट' असं आलं. दाबलं. पट्टी गायब, खाली अख्खा खाते क्रमांक! दुसरी उडवली, तीही गेली. तिसरी उडवायची गरज नव्हती.

ज्यांनी हे केलं त्यांना लगेच फोन केला. पलीकडून उत्तर, "अहो, काळं केलंय की सगळं."

त्या बिचाऱ्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही. टॅब हातात दिला, 'पेपरलेस व्हा' म्हणून सांगितलं, पण शिकवलं कुणी? पीडीएफवर आपण जी रेघ, गोल किंवा पट्टी काढतो ती मूळ मजकुरावर चिकट चिठ्ठी लावल्यासारखी वेगळी बसते. चिठ्ठी उचलली की खालचं जसंच्या तसं. मोठमोठे लोकही यात फसलेत. 2019 च्या जानेवारीत अमेरिकेत, ट्रम्प यांच्या निवडणूक मोहिमेचे एकेकाळचे प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदातला 'काळा' मजकूर पत्रकारांनी सरळ कॉपी-पेस्ट करून वाचला होता. आणि फोटोवर हायलायटरने गिरवून आधार नंबर झाकणारे तर आपल्या घराघरात आहेत. हायलायटर अर्धपारदर्शक असतो, फोटो उजळ केला की आकडे दिसू शकतात.

आपल्याकडे धोका साधा आहे. नाव, गाव, रक्कम, मोबाइल, खाते क्रमांक सगळं एका ओळीत. "काकू, बँकेतून बोलतोय, तुमचे अमुक इतके रुपये अडकलेत, आलेला ओटीपी सांगा." काकू का विश्वास ठेवणार नाहीत? रक्कमसुद्धा बरोबर सांगतोय ना तो!

उपाय फुकटचा आहे. मूळ एक्सेलमधून ते दोन रकाने काढा आणि मग पीडीएफ बनवा. फारच तर खात्याचे शेवटचे चार आकडे ठेवा. तेही जमत नसेल तर जुनी पद्धत: प्रिंट काढा, काळ्या शाईने गिरवा, त्याची झेरॉक्स काढून ती स्कॅन करा.

पण एक भीती आहे. आता साहेब म्हणतील, "भानगडच नको, यादीच टाकू नका." हे चालणार नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितलंय. कलम 10 सांगतं, जे देता येत नाही तेवढं वगळा, बाकीचं द्या. कुणाला किती मिळालं हे गावाला कळलंच पाहिजे, नाहीतर बोगस नावं सापडणार कशी?

ग्रुपवरची फाइल संध्याकाळी काढली. माझी प्रत मी पुसली. पण सकाळपासून ती किती जणांनी डाउनलोड केली, पुढे कुठे गेली, कोण सांगणार? तुमच्या फोनमध्ये असेल तर आत्ता उडवा, आणि ज्यांना पाठवलीत त्यांनाही सांगा. यादीत घरातल्या कुणाचं नाव असेल, तर आज रात्री जेवताना त्यांच्या कानावर घाला की बँकेच्या नावाने फोन आला तर ओटीपी द्यायचा नाही.