गोळी थांबली, दुखणे थांबले नाही

जामसंड्याच्या आंबा बागायतदाराला कलमाखाली उभे राहून झेला वर धरवेना, किंवा जांभ्याच्या चार पायऱ्या चढताना मांडीला हाताचा आधार द्यावा लागू लागला, की घरचे लोक ‘वय झाले’ म्हणतात आणि वातावरचे तेल चोळले जाते. पुष्कळदा ते निदान चुकीचेही नसते. परंतु हा गृहस्थ रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी स्टॅटिन जातीची गोळी घेत असेल, तर तेलावर विसंबून चालणार नाही.

या गोळीची निंदा करण्याचे कारण नाही. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७३ च्या सुमारास बुरशीतून या जातीचे पहिले द्रव्य मिळवले. १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली आणि हृदयविकाराच्या उपचारांचे रूपच पालटले. गोळीने काहींचे स्नायू दुखतात, पण ती थांबवली की काही आठवड्यांत दुखणे ओसरते.

प्रश्न आहे तो न ओसरणाऱ्या दुखण्याचा. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अँड्र्यू मॅमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये त्याचा उलगडा केला. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या ज्या विकराला ही गोळी रोखते, त्याच विकराविरुद्ध शरीर प्रतिपिंडे उभी करते. स्नायू नष्ट होऊ लागतात. आणि भरून येणारा स्नायू तोच विकर अधिक प्रमाणात तयार करतो. गोळी बंद झाल्यावरही आग धुमसत राहते ती यामुळेच, असा संशोधकांचा तर्क आहे.

गोळी घेणाऱ्या लाखात दोन-तीन जणांनाच हा विकार होतो. साहजिकच तो डॉक्टरांच्याही चटकन ध्यानात येत नाही. सुगावा मात्र साध्या तपासणीने लागतो. रक्तातील सीपीकेचे प्रमाण बहुधा नेहमीच्या दसपट किंवा त्याहूनही वर गेलेले असते. मग प्रतिपिंडांची तपासणी करून प्रेडनिसोलोन, मेथोट्रेक्सेट, प्रसंगी इम्युनोग्लोब्युलिन असे उपचार होतात. विलंब झाला, तर गेलेली ताकद पूर्ण परतेलच असे नाही. म्हणून अंगदुखी जाणवताच कोणी आपल्या मनाने गोळी सोडू नये, आणि अशक्तपणा वाढत असताना महिनोन् महिने गप्पही बसू नये.

सिंधुदुर्गातील रुग्ण अवघड दुखण्यासाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची वाट धरतात. ज्याला जिना चढवत नाही त्याने शंभराहून अधिक किलोमीटर जावे आणि रक्ताच्या कुपीने मात्र जागचे हलू नये, हा उलटा न्याय झाला. सीपीकेची तपासणी तालुक्यातच व्हावी आणि प्रतिपिंडांसाठीचा नमुना तेथूनच पुढे जावा. जिल्ह्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढी व्यवस्था लावून देणे त्याला जड जाऊ नये.